अण्णांचं नाक आणि जांभळी

अण्णांनी पुन्हा एकदा बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. आत हवा गेली. नुसती हवा. अण्णांनी बूच परत लावलं आणि अक्काच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून ते उभे राहिले.

"आला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काय?"

"वास हो. बाटलीतून दुसरं काय येणार आहे, पाहुणे?"

"नाही आला."

"थोडासुद्धा?"

"थंड लागली," अण्णा म्हणाले.

मास्तरीणबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण भूगोल काही निवृत्त झाला नाही. त्यांच्या संसारात डावं-उजवं नव्हतं. मीठ उत्तरेला असे, चहाचा डबा आग्नेयेला, आणि अण्णांचा चष्मा हरवला की तो 'तुमच्याच नैर्ऋत्येला आहे, नीट बघा' असा सापडे. अण्णा संसारात टिकले ते दिशा पाठ करून.

ओट्यावर तीन बाटल्या उभ्या होत्या. तिन्ही एका उंचीच्या, एका घाटाच्या, आणि आतला पदार्थ तिन्हींमध्ये जांभळा. एकीत व्हायोलेटच्या फुलांची लिकर, म्हणजे गोड दारू, होती, एकीत द्राक्षाचं सरबत, आणि एकीत कारखान्याच्या नव्या बबल बाथचा, म्हणजे आंघोळीच्या पाण्यात फेस करणाऱ्या साबणाचा नमुना. कशात काय हे लिहिलेलं नव्हतं. या घरात बाटलीला लेबल लावत नसत. 'लेबल गिऱ्हाइकासाठी असतं, नाक घरच्यांसाठी,' असं साबणाचा कारखाना काढणारे आजोबा म्हणून गेले होते. त्या एका वाक्यापायी या कुटुंबात आजवर चहात व्हिनेगर पडलं होतं, सॅलडवर फरशी पुसायचं औषध पडलं होतं आणि एका व्याह्यांनी खोकल्याचं औषध समजून बुटाच्या पॉलिशचं पातळ रसायन तोंडाला लावून लग्न जवळपास मोडलं होतं. पण लेबल नाही म्हणजे नाही. घराण्याच्या नाकाचा प्रश्न होता.

आणि घराण्याचं नाक म्हणजे अण्णा. हे बोलण्यापुरतं नव्हे. कारखान्यात साबण कापायच्या यंत्राशेजारी एक उंच खुर्ची होती. अण्णा त्या खुर्चीत बसत, गरम साबणाचा तुकडा नाकाशी धरत आणि मान हलवत. मान हलली की यंत्र सुरू होई. आधी आजोबा बसले, मग वडील, मग अण्णा. अण्णांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. मग हिवाळ्यात एक साधी सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. अण्णा रोज खुर्चीत बसत होते, तुकडा नाकाशी धरत होते आणि अंदाजाने मान हलवत होते. हे माहीत होतं फक्त मास्तरीणबाईंना.

संशय मात्र धाकट्या भावाला, बापूला, आला होता. गोदामात उंदीर मरून पडला होता, सगळे कामगार नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले, आणि अण्णा त्या उंदरापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे जेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी 'आज गोदामात गर्दी कमी आहे' असं समाधानही व्यक्त केलं. बापूने ते थेट अक्काच्या कानावर घातलं. अक्का तिघा भावंडांत थोरली आणि कारखान्याची मालकीण. तिने फार चर्चा केली नाही. रविवारी संध्याकाळी सगळे जेवायला या, म्हणाली. अण्णा सगळ्यांसमोर जांभळी करेल. फुलाची बाटली नाकानं ओळखेल. ओळखली तर खुर्ची त्याची, चुकला तर बापूची.

जांभळी म्हणजे घरचं कॉकटेल. बाहेरच्या जगात त्याला वेगळं नाव आहे आणि त्यात फुलांच्या लिकरचे चार-दोन थेंब घालतात, कारण जास्त पडली तर पेयाला साबणाची चव येते. या घरात पळीपळीने घालत. साबणाची चव येते ही त्यांना तक्रार वाटत नसे.

"हे बघा," मास्तरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी तिन्ही बाटल्या एकेक करून हुंगल्या आणि मधली उचलली. "ही फुलांची. खूण करता येणार नाही, वन्सं चष्मा लावून तपासणार. तेव्हा मी टेबलावर बाटल्या अशा मांडते की ही पूर्वेला येईल. पूर्व म्हणजे?"

"खिडकी."

"शाबास. खिडकीकडची बाटली उचलायची, उगाच दोन-तीनदा हुंगायची, आणि घालायची. यात चुकण्यासारखं काही आहे?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. आणि खरंच नव्हतं.

*

जेवणाच्या खोलीत अक्काचं गोल टेबल होतं. त्याच्या मधोमध फिरणारी लाकडी तबकडी. जिन्नस हवा असेल तर हात लांबवायचा नाही, तबकडी फिरवायची. मास्तरीणबाईंनी त्या तबकडीवर तीन बाटल्या मांडल्या, खारे बदाम ठेवले, आणि खिडकीकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

टेबलाभोवती अक्का होती, बापू होता, अण्णांची लेक होती आणि लेकीने आणलेला दातांचा डॉक्टर होता. लेक शहराची बस चालवायची. तिला पहाटेची पाळी होती, म्हणून ती फक्त पाणी पिणार होती. डॉक्टर अक्काला पहिल्यांदाच भेटत होता, आणि अक्काने हो म्हटल्याशिवाय या घरात आजवर कोणाचं लग्न झालं नव्हतं. तो पाठीला फळी बांधल्यासारखा ताठ बसला होता.

"डॉक्टर, जांभळी घेतलीय कधी?" बापूने विचारलं.

"नाही, काका. पण खूप ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

डॉक्टरने लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं. गाडीत तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की काहीही झालं तरी नाक मुरडायचं नाही, ग्लास रिकामा करायचा आणि छान म्हणायचं. मागे एका चांगल्या घरच्या मुलाने पहिल्या घोटाला डोळे बारीक केले होते. तो आता दुसऱ्या कुणाचा तरी जावई होता.

"छान असते असं ऐकलंय," डॉक्टर म्हणाला.

"नियम ऐका," अक्का म्हणाली. "बाटली हलवायची नाही. हलवून काय, आंधळाही ओळखेल. उजेडात धरायची नाही. बोट बुडवायचं नाही. फक्त नाक. आणि मधे कोणी बोलायचं नाही. बापू, तुला सांगतेय."

"मी कशाला बोलू? बोलेल ते अण्णाचं नाक."

"तुझं नाक तरी कुठे बोलतं? तू बोलतोस नाकात."

अण्णा भिंतीकडच्या कपाटाशी, टेबलाकडे पाठ करून उभे होते आणि लिंबं पिळत होते. हे काम त्यांना आवडायचं. लिंबू तळहाताखाली दाबून फिरवायचं, मग कापायचं, मग असं पिळायचं की रस यावा पण सालीचा कडूपणा येऊ नये. त्यांनी बर्फ भरून ठेवलेले ग्लास रिकामे केले. पुसले. शेकरचं झाकण लावून पाहिलं. हात बरोबर चालत होते. हातांना काहीच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच अण्णांना त्यांचा हेवा वाटला. उद्या खुर्ची गेली तर हे हात घेऊन जायचं कुठे? सकाळी उठून डबा भरायचा कशासाठी? कामगार 'अण्णा, बघता का जरा' असं म्हणायचे, ते आता कोणाला म्हणणार, बापूला? बापू खुर्चीत बसला तर प्रत्येक साबणात लिंबू घालणार. त्याला लिंबाचं वेडच होतं. व्हायोलेटचा साबण आजोबांनी बनवला होता, आणि बापूला तो 'जुन्या बायकांचा' वाटायचा.

अण्णा लिंबं पिळत असताना पाठीमागे फार मोठी गोष्ट घडली, आणि तिचा आवाजही झाला नाही. अक्काची नजर बदामांकडे गेली. डॉक्टरने ती टिपली. तो सुसंस्कृत घरातला मुलगा होता. त्याने दोन बोटं लाकडी तबकडीवर ठेवली आणि बदाम अदबीने अक्कासमोर आणले. बदामांबरोबर बाकीचं जगही फिरलं.

मास्तरीणबाईंच्या घशातून एक आवाज निघाला.

"काय झालं आई?" लेकीने विचारलं.

"यांनी पूर्व फिरवली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काय फिरवलं?" डॉक्टर घाबरला. "सॉरी, परत फिरवू का?"

"फिरवा, फिरवा!"

डॉक्टरने तबकडी परत फिरवली. पण किती फिरवली होती ते त्याच्या लक्षात नव्हतं, आणि अक्काचा हात बदामांत होता म्हणून तो अर्ध्यात थांबला. आता खिडकीकडे जी बाटली आली होती तिच्याकडे मास्तरीणबाई अशा बघत होत्या, जणू नकाशावर कोणीतरी समुद्र हलवून ठेवला आहे.

"अहो," त्या पाठमोऱ्या अण्णांना म्हणाल्या, "ऐकलंत का? पूर्व आता पूर्वेला नाही बरं का."

"हो का?" अण्णा लिंबू पिळत म्हणाले. चाळीस-एक वर्षांच्या संसारात त्यांनी असली पुष्कळ वाक्यं ऐकली होती.

"म्हणजे ती सरकली. वायव्येला गेली."

"मास्तरीणबाई," अक्का म्हणाली, "परीक्षा चालू आहे. भूगोलाचा तास नंतर."

"पण वन्सं—"

"मधे बोलायचं नाही म्हटलं ना मी? बापू गप्प बसलाय. बापू! आणि तू बोलतेस?"

मास्तरीणबाई गप्प बसल्या. त्या भुवयांनी बोलू लागल्या, पण अण्णा वळले तेव्हा त्यांचं लक्ष खिडकीवर होतं. पूर्व तिथेच होती. ते सावकाश टेबलाशी आले, पहिली बाटली हुंगली, ठेवली. दुसरी हुंगली, थोडे थांबले, ठेवली. बापू पुढे वाकला. अण्णांनी खिडकीकडची बाटली उचलली, बूच काढलं, डोळे मिटले आणि डावी भुवई हलकेच वर नेली.

"ही," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी पदराने तोंड झाकलं. बाकीच्यांना वाटलं, अभिमानाने.

शेकरमध्ये बर्फ पडला. त्यावर जिन, लिंबाचा रस, चेरीची लिकर आणि शेवटी बाटलीतलं जांभळं, पळीपळीने. अण्णांनी झाकण दाबलं आणि शेकर खांद्याजवळ नेऊन हलवायला लागले. वडिलांनी शिकवलं होतं: पाळणा हलवतोय असं नाही हलवायचं, पैसे बुडवलेल्या माणसाची मानगूट धरलीय असं हलवायचं. अण्णांनी मानगूट धरली. जरा वेळाने शेकरच्या झाकणाखालून फुस्स असा आवाज आला आणि झाकण आपणहून बोटभर वर उचललं गेलं.

"आज चांगली हवा खेळलीय," अक्का म्हणाली.

अण्णांनी ओतायला सुरुवात केली. ग्लासात आधी पेय गेलं, मग फेस गेला, मग अजून फेस गेला. शेकर रिकामा झाला तरी फेस येतच होता. अण्णांनी प्रत्येक ग्लासात एक चेरी सोडली. चेरी बुडाली नाही. फेसावर बसून राहिली, बढती मिळाल्यासारखी.

त्या क्षणी अण्णांना कळलं. नाकाने नाही, डोळ्यांनी. साबणवाल्याला फेस बघून कळतं. त्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी तबकडीकडे बोट केलं, डॉक्टरकडे बोट केलं आणि हवेत गोल काढला. अण्णांना सगळं समजलं, पण ग्लास अक्काच्या ओठांना लागला होता.

बबल बाथ लहान मुलांचा होता. गिळला तरी पोटाला बाधत नाही असा बनवायला अक्काने स्वतःच लावला होता, आणि त्या गोष्टीचं तिला फार कौतुक होतं. तेव्हा जीव कोणाचा जाणार नव्हता. खुर्ची जाणार होती.

अक्काने एक घोट घेतला. तिने ग्लास खाली ठेवला आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा दगडासारखा झाला होता. भीतीने. पण भीतीने झालेला दगड आणि आत्मविश्वासाने झालेला दगड लांबून सारखाच दिसतो.

"वा," अक्का म्हणाली. "बाबांच्या हातची आठवली."

बापूने अक्काकडे पाहिलं, एक घोट घेतला, परत अक्काकडे पाहिलं.

"मानलं," तो म्हणाला. त्याला ते म्हणताना त्रास झाला. "खरं सांगू अण्णा? आजपर्यंतची सर्वांत उत्तम. फुलांचा वास कसा... नाकात भरतोय."

अण्णांना आधी वाटलं हे चेष्टा करताहेत. मग त्यांनी स्वतः घोट घेतला. जिभेला आंबट, गोड आणि बुळबुळीत लागलं. बाकी काही नाही. ते खाली बसले.

राहिला डॉक्टर. त्याने ग्लास उचलला, लेकीकडे पाहिलं आणि फेसासकट, चेरीसकट, सबंध ग्लास घशाखाली उतरवला. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. कपाळावर फक्त घाम आला.

"कशी वाटली?" अक्काने विचारलं.

"तोंड अगदी स्वच्छ झालं," डॉक्टर म्हणाला.

"आणि वास?"

"छान," डॉक्टर म्हणाला. आणि 'छान' म्हणताना त्याच्या ओठांतून एक फुगा बाहेर आला.

फुगा लहान होता, गोल होता, त्यावर खोलीतला दिवा आणि सगळं कुटुंब उलटं दिसत होतं. तो टेबलावरून तरंगत गेला, बापूच्या नाकासमोर जरा थांबला, बापूचे डोळे तिरळे झाले, मग पुढे जाऊन अक्काच्या चष्म्याच्या काचेवर फुटला.

अक्काच्या पापण्या काचेमागे दोनदा लवल्या.

"माफ करा," डॉक्टर म्हणाला. दुसरा फुगा आला.

"अरे तू बोलूच नकोस," लेक म्हणाली. ती हसू दाबता दाबता टेबलाखाली चालली होती.

बापू ताडकन उठला. "साबण! अण्णानं आपल्याला साबण पाजला! अक्का, बघ! मी म्हणत होतो की नाही? ह्याला नाक नाही! ह्याला उंदीर कळत नाही, ह्याला साबण कळत नाही—"

"बस खाली," अक्का म्हणाली.

"खुर्ची माझी!"

"तुला कळला?"

"काय?"

"साबण. तू अर्धा ग्लास प्यायलास. वर 'सर्वांत उत्तम' म्हणालास. फुलांचा वास नाकात भरत होता ना तुझ्या? कुठली फुलं होती ती?"

बापूने तोंड उघडलं. आतून आधी फुगा आला, मग शब्द.

"मी... सौजन्य म्हणून म्हणालो."

"तू? सौजन्य? अण्णाशी?"

"बापूकाका," लेक टेबलाखालून वर येऊन म्हणाली, "खरं सांगा. तुम्हाला वास येतो?"

बापू खुर्चीत बसला. त्याने रुमालाने नाक पुसलं, खरं म्हणजे काही गरज नसताना.

"गोदामात काढली ना मी उमेदीची वर्षं," तो म्हणाला. "कॉस्टिक सोड्याच्या पोत्यांत. तिथे नाक राहतं का कोणाचं? आणि लागतंच कुठे मला? मी आपला अक्काकडे बघतो. ती वा म्हणाली की वा म्हणतो."

"मग उंदीर कसा कळला तुला?" अण्णांनी विचारलं.

"पाय पडला माझा त्याच्यावर."

आता सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या. अक्काने चष्मा काढला. काचेवरचं पाणी पुसलं. परत लावला. परत काढला.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली.

"तू पण?" अण्णा म्हणाले.

"मागच्या छपराची दुरुस्ती झाली ना, त्याच्याही आधीपासून," अक्का म्हणाली. "सांगून काय करणार होते? मालकिणीला वास येत नाही म्हणून यंत्र बंद ठेवायचं? तू होतास ना खुर्चीत. तुझा चेहरा बघायचा. भुवई वर गेली की माल चांगला. मी आजपर्यंत कधी चुकले नाही."

"आज?"

"आज तुझा चेहरा इतका गंभीर होता की मला वाटलं, काहीतरी अलौकिकच जमलंय."

"मला धडकी भरली होती!"

"ते वेगळं सांगायला पाहिजे ना! चेहऱ्यावर लेबल नसतं."

अण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे एक प्रकारचा विसावाही मिळाला होता. "हिवाळ्यापासून नाही येत मला," ते म्हणाले. "ती सर्दी झाली तेव्हापासून. अक्का, मी अंदाजाने मान हलवत होतो गं."

"म्हणजे," लेकीने हिशेब जुळवला, "हिवाळ्यापासून आपल्या साबणाचा वास कोणीच घेतलेला नाही?"

"गिऱ्हाइकांनी घेतला असेल," डॉक्टर अदबीने म्हणाला. फुगा.

"आणि माल?" अण्णांनी घाबरत विचारलं. "परत आला का कुठून?"

"परत कसला, खप वाढलाय," अक्का म्हणाली. "तेच कोडं आहे मला. व्हायोलेट इतका कधी खपला नव्हता."

या वाक्यासरशी बापूला एकदम बदाम खावेसे वाटले. त्याने तबकडी जोरात फिरवली.

"बापू," अक्का म्हणाली.

"काय?"

"माझं नाक गेलंय, डोळे आहेत."

"एकदाच," बापू बदामांना उद्देशून म्हणाला. "एकच पिंप. म्हटलं बघू या, अण्णाला कळतं का. व्हायोलेटच्या जागी लिंबाच्या अत्तराचं पिंप जोडलं. ह्यानं तुकडा नाकाशी धरला आणि काय सुंदर मान हलवली! मग दुसरं जोडलं. परत मान हलवली. मग म्हटलं, राहू दे."

"आजोबांचा व्हायोलेट!" अण्णा उभे राहिले. "लिंबू घातलंस तू त्यात?"

"त्यात नाही. त्याच्याऐवजी."

"आणि वरच्या कागदावर जांभळी फुलं!"

"लोकांना चालतंय ना! लोकांना वाटतं, फुलांचा लिंबासारखा वास येत असेल!"

"येतो तसाच," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्या इतक्या सहज म्हणाल्या, की सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय येतो?"

"लिंबाचा. आपल्या व्हायोलेट साबणाला. केव्हापासून येतोय. रोज आंघोळ करते मी त्यानं."

"मग मला सांगितलं का नाहीस?" अण्णा जवळजवळ ओरडले.

"तुम्ही विचारलंत, 'साबण बरा आहे ना?' मी म्हटलं, 'बरा आहे.' आणि तो बराच आहे हो! मला वाटलं तुम्ही भावंडांनी मिळून ठरवलं असेल. मला या घरात कारखान्यातलं कोण विचारतंय? मी आपली उत्तर कुठे, दक्षिण कुठे ते सांगते."

अक्का पुढे वाकली. "तुला वास येतो?"

"येतो की. का नाही येणार? मी खडूत आयुष्य काढलं, कॉस्टिकमध्ये नाही. आत्ता तुमच्या फ्रीजमध्ये खालच्या खणात काकडी सडतेय. बापूभावजींनी सिगारेट सोडली म्हणून सांगतात, ती सोडलेली नाही. आणि डॉक्टरांनी इकडे यायच्या आधी घाबरून पेपरमिंटच्या गोळ्या खाल्ल्यात. बऱ्याच."

"बऱ्याच," डॉक्टरने कबूल केलं.

खोलीत नव्या आघाड्या तयार होऊ लागल्या. बापूने त्यांचा पहिला फायदा घ्यायचा प्रयत्न केला. "मग वहिनींनाच बसवा खुर्चीत. मी काही म्हणणार नाही. वहिनी आणि लिंबू. उत्तम."

"व्हायोलेट परत सुरू होईल," अक्का म्हणाली. "लिंबू वेगळा काढू, त्याच्यावर तुझा फोटो छापू. मास्तरीणबाई, सोमवारपासून कारखान्यात यायचं."

"येईन. पण डॉक्टरांचं आधी सांगा."

"त्याचं काय?"

"त्यानं सबंध ग्लास प्यायला, वन्सं. त्याला वास येत असताना. तुम्ही तिघं प्यायलात त्यात काय मोठेपणा? तुम्हाला रॉकेल दिलं तरी वा म्हणाल. हा मुलगा, ग्लासात साबण आहे हे समजून प्यायला, आणि छान म्हणाला. असा जावई कुठे मिळेल?"

अक्काने डॉक्टरकडे प्रथमच नीट पाहिलं. "कळलं होतं तुला?"

डॉक्टरने तोंड न उघडता मान हलवली. तो आता शहाणा झाला होता.

"ठेवून घे याला," अक्का लेकीला म्हणाली. लेकीने टेबलाखालून डॉक्टरचा हात धरला, आणि डॉक्टरला आनंदाने उचकी लागली. त्यानंतर बराच वेळ त्या कोपऱ्यातून फुगे येत राहिले, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं होतं अण्णांनी, पण दुसरंच. सगळ्यांची सोय लागली होती. बायकोला खुर्ची मिळाली, बापूला लिंबू मिळालं, लेकीला नवरा मिळाला. अण्णा आपले हात बघत होते.

"मग मी," ते म्हणाले, "सोमवारी... घरीच ना?"

"घरी कशाला?" अक्का म्हणाली.

"नाक नाही मला."

"अरे, नाक मिळालं. नाकं काय, ढिगानं मिळतील, या पोरालाही आहे. पण कामगार इतकी वर्षं तुझ्या तोंडाकडे बघून यंत्र चालू करताहेत. मास्तरीणबाईंनी वास घेतला तर त्यांना काय कळणार? ती म्हणेल, 'ईशान्येकडून बरा आहे.' यंत्र चालू करायचं की बंद? तिनं शेजारी स्टूल टाकून बसायचं, वास घ्यायचा, तुझ्या कानात सांगायचं. चेहरा तू करायचास. चेहऱ्याला नाक लागत नाही. हिवाळ्यापासून तू तेच तर करतोयस, आणि मी तिथे रोज उभी राहून फसले."

"जमेल?" अण्णांनी बायकोला विचारलं.

"आत्ताच बघू या की," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तबकडी फिरवून खरी फुलांची बाटली शोधली, आणि नवे ग्लास आणले. अण्णांनी शेकर विसळला, पुन्हा विसळला, फेस संपेपर्यंत विसळला. बर्फ, जिन, लिंबू, चेरी, मग मास्तरीणबाईंच्या हातातली बाटली. या वेळी झाकण जागच्या जागी राहिलं आणि चेरी बुडाली.

मास्तरीणबाईंनी पहिला ग्लास नाकाशी धरला. जरा वेळ लावला, कारण आता त्या नोकरीत होत्या. मग त्या अण्णांच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. बरंच लांबलचक होतं ते; अण्णा ऐकत राहिले, मधेच 'असं?' म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जरासं पाणी आलं.

मग त्यांनी ग्लास हातात घेतला. डोळे मिटले, डावी भुवई सावकाश वर नेली, तिथे थांबवली, आणि मान हलवली.

बापूने सुटकेचा श्वास सोडला आणि आपला ग्लास पुढे केला. अक्का डोळे मिटून खुर्चीत मागे रेलली.

"हां," ती म्हणाली. "आता आला वास."